उपदेश नेमका कोणाला?

मुलांसाठी लिहिलेल्या धार्मिक गोष्टी म्हटल्या की आपण नाक मुरडतो. कथा नावाला, बोधाचे डोसच फार, ही तक्रार जुनी आहे आणि पुष्कळदा रास्तही. व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये अशा पुस्तकांचे पीक आले होते. रविवारच्या धर्मशिक्षणाच्या शाळांतून ती बक्षीस म्हणून वाटली जात. त्यांतली बहुतेक आज कोणी उघडत नाही. हेस्बा स्ट्रेटन या त्या काळच्या लेखिकेला मात्र त्याच पंगतीत बसवणे अन्यायाचे होईल.

तिचे खरे नाव सारा स्मिथ. १८३२ साली श्रॉपशरमधल्या वेलिंग्टन गावी एका पुस्तकविक्रेत्याच्या घरी ती जन्मली. ‘जेसिकाज फर्स्ट प्रेयर’ ही तिची गोष्ट १८६६ मध्ये नियतकालिकातून आली, पुढच्या वर्षी पुस्तकरूपाने निघाली आणि लाखांनी खपली. प्रकाशक रिलिजस ट्रॅक्ट सोसायटी. म्हणजे हेतू उघडच धर्मप्रचाराचा.

पण गोष्टीत सुधारायचे आहे कोणाला? लंडनमध्ये रेल्वेच्या कमानीखाली डॅनिएल कॉफी विकतो. रविवारी तोच एका प्रतिष्ठित चॅपलचा राखणदार असतो आणि आपला टपरीचा धंदा तिथल्या मंडळींपासून लपवतो. अनवाणी, उपाशी जेसिका त्याच्या टपरीपाशी घुटमळते. एकदा खाली पडलेल्या पेनीवर ती पाय ठेवते आणि मग स्वतःच ते नाणे उचलून त्याला देते. पुढे ती चॅपलमध्ये शिरते, तेव्हा या फाटक्या पोरीला बसवायचे कुठे, असा पेच पडतो. आणि प्रार्थना करायला शिकल्यावर ती देवाकडे मागते काय, तर डॅनिएलने फुकट पाजलेल्या कॉफीचे पैसे त्याला मिळोत! देवाघरीही तिला उधारी ठेवायची नाही. या पोरीला शिकवण्यासारखे फारसे काही उरलेले नाही. शिकायचे आहे ते पैशाला जपणाऱ्या डॅनिएलने, आणि गादीच्या बाकांवर बसणाऱ्या भाविकांनी.

स्ट्रेटनची मर्यादाही इथेच दिसते. जेसिकाची आई दारुडी, म्हणून पोरीचे हाल. आई दारिद्र्यात का रुतली, याच्या खोलात कथा जात नाही. डॅनिएलला पश्चात्ताप होतो, पोरीला घर मिळते आणि वाचक डोळे पुसून मोकळा होतो. एका भल्या माणसाचे मन पालटले म्हणून कमानीखालची बाकीची पोरे घरी जात नाहीत.

हे तिला कळत होते, याची साक्ष तिचे सार्वजनिक काम देते. इंग्लंडमध्ये गुराढोरांच्या छळाविरुद्धचा कायदा १८२२ मध्येच झाला होता. मुलांसाठी तसा स्वतंत्र कायदा मात्र नव्हता. १८८४ मध्ये लंडनला बालछळ प्रतिबंधक संस्था उभी राहिली, तिच्या संस्थापकांत स्ट्रेटन होती. संस्थेने पाठपुरावा केला आणि १८८९ मध्ये कायदा आला. छळ होणाऱ्या मुलासाठी पोलिसांना घरात शिरण्याचा अधिकार मिळाला. आईबापांच्या मर्जीवर सोडलेली गोष्ट सरकारच्या जबाबदारीत आली.

कथेने करुणा जागवली, हे खरे. पण कायदा करुणेने होत नाही, त्यासाठी संघटना लागते, पैसा लागतो, चिवटपणा लागतो. म्हणून बोधकथेला हसण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात: तिचा उपदेश दुबळ्याला आहे की सुस्थिताला, आणि तो करणारा पुस्तक मिटल्यावर काय करतो. या दोन्ही कसोट्यांवर स्ट्रेटन उतरते. तिच्यावर नाक मुरडणारे आपण उतरू का, याची खात्री देता येत नाही.