धार कुणाच्या राखणीला?

आमच्या सानपाडा गावठाणात बाळंतिणीच्या उशाशी विळा ठेवायची रीत आहे. पाचवीच्या रात्री पाट्या-वरवंट्याची पूजा मांडतात तेव्हा त्याच विळ्याला हळदकुंकू लागते. सिडकोने जमिनी घेतल्या, भातशेती गेली, कापायला पीक उरले नाही. पाचवीचा विळा मात्र राहिला. आजी बजावायची, "इला काढू नको, पोराची राखन हाय ती."

मी प्रसूतिगृहात परिचारिका होते. नाळ कापायचे पाते निर्जंतुक केल्याशिवाय हाती धरायचे नाही, ही तिथली पहिली शिकवण. त्यामुळे असेल, पण राखणीला धारच का, हा प्रश्न मला कायम छळत आला. ज्या वस्तूने जीव जातो तिच्यावरच जीव सोपवायचा, हा कुठला धर्म?

हा प्रश्न आपल्यापुरता नाही. जपानात तान्तो नावाची कट्यार असते, पाते साधारण 30 सेंटिमीटरहून आखूड. राजघराण्यात मूल जन्मले की सम्राटाकडून त्याच्या राखणीसाठी छोटे शस्त्र येते आणि बाळाच्या उशाशी ठेवतात. सप्टेंबर 2006 मध्ये राजपुत्र हिसाहितोसाठीही ते आले. पारंपरिक पोशाखातली वधू कमरपट्ट्यात काइकेन ही छोटी सुरी खोचते. गेलेल्या माणसाच्या छातीवरही सुरी ठेवतात, टोक पायांकडे करून. आपल्याकडे लग्नात कट्यार असते ती नवरदेवाच्या हाती, टोकाला लिंबू टोचलेली.

काही जपानी पात्यांवर अचलनाथ या बौद्ध देवतेचे संस्कृत बीजाक्षर सिद्धम लिपीत कोरलेले असते. अचलनाथाची तलवार माणसाला नव्हे, त्याच्या अज्ञानाला कापते, अशी तिथल्या बौद्धांची श्रद्धा. गीतेच्या 15व्या अध्यायातही संसारवृक्ष छेदायचा तो अनासक्तीच्या शस्त्राने. हे मला मनापासून पटते, पण तेवढ्याने माझे समाधान होत नाही. खरे पाते इतके विवेकी नसते.

1868 मध्ये जपानातल्या आइझूच्या किल्ल्याखालच्या नगरात शत्रूसैन्य शिरले तेव्हा साइगो तानोमो या सरदाराच्या घरातल्या 21 जणांचा घरातच अंत झाला. त्यात बायका होत्या, मुली होत्या, लहानग्यांना तर मोठ्यांच्याच हातून मरण आले. सामुराई घरातल्या मुलीला काइकेन देत ते स्वसंरक्षणासाठी, आणि वेळ आलीच तर स्वतःच्या गळ्यावर चालवण्यासाठीही. म्हणजे राखायची होती ती अब्रू, मुलगी नव्हे. याला कुणी शौर्य म्हणो, मी राखण म्हणणार नाही.

आणि आपला विळा? पाचवी-सटवीच्या रात्रीचे भय खोटे नव्हते. नवजात बाळाचा धनुर्वात बहुतेकदा जन्मानंतर तिसऱ्या दिवसापासून दोन आठवड्यांच्या आत उठतो. चांगले पिणारे बाळ अंगावर पिईनासे होते, जबडा आवळतो, मग कुणी नुसता हात लावला तरी अंग ताठते. धनुर्वाताचे जंतू शिरत ते नाळ कापायच्या मळक्या पात्यावाटे, नाही तर नाळेवर लावलेल्या शेणावाटे. एक पाते उशाशी पहारा देत असायचे आणि मरण दुसऱ्या पात्यावरून आधीच आत आलेले असायचे. आईला लस आणि नाळेला स्वच्छ पाते, यांनी ते हटवले. 2015 मध्ये भारतातून माता व नवजात धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले.

माझ्या लेखी पात्याचे पावित्र्य लोखंडात नाही आणि मंत्रातही नाही. पाते कुणाच्या जिवासाठी उचलले आणि उचलणाऱ्याने हात धुतले होते का, यावर ते ठरते. सटवाईला मी आजही हात जोडते. उकळलेल्या पात्याने तिचा अपमान होतो, असे मला कधी वाटले नाही. उलट तिच्या दारी बाळ सुखरूप आणायचा तोच मार्ग आहे.

अलीकडे पोरे हळदीत तलवारी नाचवतात, वाढदिवसाचा केक तलवारीने कापतात. मग शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो आणि उमेदीची वर्षे कोर्टाच्या तारखांत जातात. त्या धारेने कुणाचा जीव राखला? पोरांनो, लग्नात नवरदेवाच्या हातातली लिंबाची कट्यार पुरे. तलवारीचा नाद सोडा, आणि घरात कुणी गरोदर असेल तर तिची धनुर्वाताची लस चुकवू नका.