न जगलेल्या काळाची हुरहूर

दक्षिण कोरियातील लोकप्रिय गायिका आययू हिचा जन्म १९९३ सालचा; तिने २०१४ च्या मे महिन्यात, वयाच्या एकविसाव्या वर्षी, जुन्या गाण्यांच्या पुनर्गायनाचा ‘कोत्काल्पी’ नावाचा संग्रह प्रसिद्ध केला. कोत्काल्पी म्हणजे पुस्तकाच्या पानांत खूण म्हणून जपून ठेवलेले फूल. त्यातील सात गाण्यांपैकी बहुतेक तिच्या जन्माआधीची आहेत आणि तरीही तिच्या वयाच्या असंख्य श्रोत्यांना ती ऐकताना काहीतरी हरवल्याची हुरहूर लागली. जे कधी अनुभवलेच नाही त्याची आठवण येऊ शकते का, हा प्रश्न या हुरहुरीतूनच उभा राहतो, आणि भारतीय तत्त्वचिंतनात त्याचा विचार फार बारकाईने झालेला आहे.

न्यायदर्शनाचे उत्तर सरळ नकारार्थी आहे. या दर्शनानुसार स्मृती म्हणजे केवळ संस्कारातून उत्पन्न होणारे ज्ञान, आणि संस्कार म्हणजे पूर्वीच्या अनुभवाने आत्म्यावर उमटवलेला ठसा. म्हणून जिथे अनुभव नाही तिथे संस्कार नाही, आणि जिथे संस्कार नाही तिथे स्मृतीही नाही. हे गणित मान्य केले, तर या संग्रहातले १९८७ चे गाणे ऐकून व्याकूळ होणाऱ्या एकवीस वर्षांच्या मुलीला तिची आठवण खोटी आहे, इतकेच सांगता येईल. पण अशाने तिच्या मनात प्रत्यक्ष जे घडते त्याचा उलगडा होत नाही.

या कोड्याकडे पाहण्याची अधिक खोल दृष्टी रसविचाराचा भाष्यकार अभिनवगुप्त याने दिली, आणि तीही एका गाण्याच्याच निमित्ताने. ‘अभिज्ञानशाकुंतला’च्या पाचव्या अंकात राणी हंसपदिका पडद्याआड गात असते, ते सूर ऐकून राजा दुष्यंत अकारण अस्वस्थ होतो आणि रम्य दृश्ये पाहून किंवा मधुर स्वर ऐकून सुखी माणूसही उत्कंठित होतो, तेव्हा त्याच्या चित्तात पूर्वजन्मींचे स्नेहबंध नकळत जागे होत असावेत, असे म्हणतो. अभिनवगुप्त रसचर्चेत हा श्लोक घेऊन सांगतो की येथील स्मरण तार्किकांना, म्हणजे नैयायिकांना, अभिप्रेत असलेली स्मृती नव्हे, कारण त्याचा विषय पूर्वी अनुभवलेला नाही. ते साक्षात्काराच्या जातीचे आहे. प्रेम, शोक, उत्साह यांच्या वासना, म्हणजे चित्तात सुप्त असणारे कल, प्रत्येकात असतात आणि कलाकृती त्यांना व्यक्तीच्या, स्थळाच्या व काळाच्या बंधनातून सोडवून जागे करते. यालाच साधारणीकरण म्हणतात. दुष्यंताच्या अस्वस्थतेमागे निदान शापाने झाकलेली शकुंतला होती आणि अंगठी सापडताच त्या अस्वस्थतेला नाव मिळाले. कोरियातील तरुण श्रोत्याला अशी अंगठी कधीच सापडणार नाही, म्हणून अभिनवगुप्ताचे म्हणणे त्याला दुष्यंतापेक्षाही अधिक चपखल लागू पडते.

‘कोत्काल्पी’तील एका गाण्यात अनुभवातून आलेली स्मृती आणि अशी हुरहूर यांतला भेद कानाने ऐकता येतो. ‘सानुल्लिम’ या वाद्यवृंदाचे किम छांग-वान यांनी १९८४ साली, वयाच्या तिशीत, ‘तुझा अर्थ’ अशा आशयाच्या नावाचे गाणे रचून गायले होते. आययूच्या ध्वनिमुद्रणात त्यांचा साठीतला आवाज तिच्या आवाजासोबत येतो. सानुल्लिम हा तीन भावांचा वाद्यवृंद होता आणि त्यांतला धाकटा भाऊ २००८ साली अपघातात गेला. किम यांच्यासाठी या गाण्याभोवती न्यायशास्त्राला मान्य असलेली स्मृती आहे, शोकासकट. शेजारी गाणाऱ्या मुलीकडे ती नाही. तिने जुन्या आवाजाची नक्कल केली असती, तर ती उसनी स्मृती झाली असती. ती आपल्याच वयाच्या, आपल्याच धिम्या आवाजात गाते, आणि म्हणूनच तिच्या गाण्यातली ओढ खरी वाटते.

चूक या ओढीत नाही. ती ओढीपाठोपाठ येणाऱ्या विधानात आहे. हुरहूर लागलेला श्रोता लगेच म्हणतो की ते दिवसच चांगले होते. ही चूक न्यायदर्शनाच्याच एका दाखल्याने उलगडते. शिंपल्यावर रुपे भासते तेव्हा, नैयायिकांच्या मते, रुपे मिथ्या नसते. ते अन्यत्र खरोखर असते, फक्त जिथे नाही तिथे दिसते, आणि या भ्रमाला ते अन्यथाख्याती म्हणतात. गाण्यातले माधुर्यही असेच खरे आहे, पण त्याचे स्थान आत्ताच्या ऐकण्यात आहे आणि श्रोता ते १९८७ सालावर ठेवतो. संग्रहातील ‘प्रेम सरून जाते तेव्हा’ या आशयाचे ली मून-से यांचे गाणे त्याच वर्षीचे आहे. त्या वर्षाच्या जानेवारीत सोलमध्ये एक विद्यार्थी पोलिसांच्या छळाने मेला आणि जूनमध्ये छुन दू-ह्वान यांच्या लष्करी राजवटीविरुद्ध लाखो लोक रस्त्यावर आले. रसास्वाद काळाच्या बंधनातून सुटलेला असतो, हेच त्याचे वैभव; त्याला पुन्हा एका काळाशी बांधून त्या काळाच्या बाजूने साक्षीला उभे करणे हा त्या आस्वादावर आणि त्या मृत विद्यार्थ्यावर, दोघांवरही अन्याय आहे.

२०१७ साली आलेल्या दुसऱ्या संग्रहात आययूने यांग ही-उन यांचे १९९१ चे ‘शरदातली सकाळ’ या अर्थाचे गाणे निवडले आणि त्याचा आरंभ कोणत्याही वाद्याच्या साथीविना केला. गाणे घरातल्या साध्या सकाळीचे आहे. परंतु यांग यांनीच १९७१ साली गायलेल्या ‘पहाटेचे दव’ या अर्थाच्या गाण्यावर पुढे पाक चुंग-ही यांच्या राजवटीने बंदी घातली होती आणि तरीही ते मोर्च्यांत गायले जात राहिले. ज्यांनी ते मोर्चे पाहिले त्यांना या साध्या सकाळीतही ती बंदी ऐकू येते. ज्यांनी पाहिले नाहीत त्यांना फक्त सकाळ ऐकू येते, आणि मोर्च्यांविषयी त्यांना जे जाणून घ्यायचे असेल ते गाण्याला नव्हे, त्या माणसांनाच विचारावे लागेल.