देशापुरते निर्दोष

अमेरिकेच्या व्हिसासाठी डीएस-१६० हा अर्ज भरावा लागतो. त्यात विचारलेलं असतं: तुम्हाला कधी अटक किंवा शिक्षा झाली आहे का? नंतर माफी मिळाली असली, तरी सांगायचं. फार पूर्वी कोर्टातून सुटलेला माणूस इथे थबकतो. रास्ता रोकोत धरलं होतं, सरकारने ते खटले मागे घेतले. किंवा घरातल्या वादात ४९८-अ लागलं, सगळ्या घराला अटक झाली, पुढे तडजोड होऊन हायकोर्टाने गुन्हा रद्द केला. आता तो विषयही कुणी काढत नाही. तरी अटक झाली होती, हे खरंच. तिथे ‘नाही’वर खूण केली आणि ते उघड झालं, तर महत्त्वाची बाब दडवल्याबद्दल कायमची प्रवेशबंदी येऊ शकते. मूळ आरोपाने जे बिघडलं नसतं, ते या एका खुणेने बिघडतं.

कोर्टात आणि सीमेवर माणसाची पायरी एक नसते. कोर्टात सिद्ध सरकारने करायचं. आरोपी गप्प बसला तरी चालतं. सीमेवर परका माणूस अर्जदार असतो, आणि संशयाचा फायदा देशाला मिळतो. कॅनडाच्या २००१च्या स्थलांतर कायद्यात तर शिक्षा झालेली नसतानाही, परदेशात गुन्हा केल्याचं मानायला वाजवी कारण असलं की प्रवेश नाकारता येतो. नायगारा पलीकडच्या काठावरून जास्त चांगला दिसतो, म्हणून आपली मंडळी रेनबो ब्रिज ओलांडायला निघतात. तिथल्या कॅनेडियन अधिकाऱ्याला अमेरिकी पोलिसांच्या नोंदी पाहता येतात. त्यात अटक दिसते. खटल्याचा निकाल दिसेलच असं नाही.

कोर्टातून सुटूनही सीमेवर अडण्याचं सगळ्यात बोलकं उदाहरण चार्ली चॅप्लिनचं आहे. अनैतिक हेतूने एका तरुणीला दुसऱ्या राज्यात नेल्याच्या आरोपातून लॉस एंजेलिसच्या ज्यूरीने त्याला १९४४ साली निर्दोष सोडलं. सप्टेंबर १९५२मध्ये ‘लाइमलाइट’च्या लंडनमधल्या पहिल्या खेळासाठी तो ‘क्वीन एलिझाबेथ’ जहाजाने निघाला. जहाज भर समुद्रात असताना अॅटर्नी जनरल जेम्स मॅकग्रॅनरी यांनी त्याचा परतीचा परवाना रद्द केला. परत यायचं असेल तर आपली राजकीय मतं आणि नैतिक वर्तन यांबद्दल जबाब द्यावा लागेल, अशी अट घातली. चाळीसेक वर्षं अमेरिकेत काढूनही चॅप्लिन ब्रिटिश नागरिकच राहिला होता, म्हणून हे जमलं. खरा राग त्याच्या डाव्या विचारांवर होता, हे उघड आहे. तरी नैतिकतेचं निमित्त हाताशी आलं ते त्या खटल्याच्या आणि त्याच बाईने लावलेल्या पितृत्वाच्या दाव्याच्या बदनामीतून. पुढे एफबीआयच्या फायली खुल्या झाल्या, तेव्हा त्याला अडवण्याइतका पुरावाच सरकारकडे नव्हता असं दिसलं. अर्ज केला असता, तर बहुधा प्रवेश मिळाला असता. चॅप्लिनने अर्जच केला नाही. तो स्वित्झर्लंडमध्ये राहिला आणि थेट १९७२ साली मानद ऑस्कर घ्यायला अमेरिकेत आला. नकार देण्याची पाळीच आली नाही. चौकशीची अट पुरली. अशाच चौकशीच्या धास्तीने परदेशातल्या मुलांकडे जायचं टाळणारे किती आईबाप घरी बसत असतील!

शिवाय ‘केस निकाली निघाली’ म्हणजे नेमकं काय, हेही पाहावं लागतं. टेक्ससमध्ये आरोपीने गुन्हा कबूल केला की न्यायाधीश निर्णय रोखून ठेवू शकतो आणि देखरेखीची मुदत नीट पार पडली की खटला काढून टाकतो. राज्याच्या लेखी तो दोषी ठरलेला नसतो. १९९६च्या केंद्रीय कायद्यानुसार मात्र कबुली आणि जोडीला कसलंही बंधन, एवढ्यावर परका नागरिक दोषी धरला जातो. कबुलीतून हद्दपारीचा धोका असेल तर वकिलाने तो सांगितलाच पाहिजे, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये पॅडिला खटल्यात बजावलं. डॅलसमधल्या आपल्या मुलांनी कबुलीवर सही करण्याआधी हे विचारून घ्यावं.

परदेशाला नावं ठेवताना आपला विमानतळ विसरू नये. आपला १९६७चा पासपोर्ट कायदा प्रलंबित खटल्यासाठी अडवतो. खटला संपला की ती हरकतही संपते. माणसाला विमानतळावर अडवण्यासाठी काढलेल्या लुकआउट सर्क्युलरचं तसं नाही. गृह मंत्रालयाच्या २०२१च्या सूचनांप्रमाणे ते आपोआप रद्द होत नाही. ज्या यंत्रणेने काढायला लावलं, तिनेच मागे घ्यायला सांगेपर्यंत ते चालू राहतं. पोलिसांनी स्वतः ‘बी समरी’ पाठवून फिर्याद खोटी असल्याचं सांगितलं, कोर्टाने ती मान्य केली, तरी सर्क्युलर मागे घ्यायचं एक पत्र गेलं नाही तर माणूस मध्यरात्री मुंबईच्या सहार विमानतळावर इमिग्रेशनच्या खिडकीशी अडकतो. निर्दोष ठरलेल्याने सरकारचा टपाली कारभारही सांभाळायचा, हा अन्याय आहे आणि तो आपल्याच घरचा आहे.

तो दूर करायला नवा कायदा नको. लुकआउट सर्क्युलर अमुक दिवसांत मागे घ्या, असा आदेश गुन्हा रद्द करतानाच कोर्टाला देता येतो. वकिलांनी ती मागणी मूळ अर्जातच घालावी. आणि सुटलेल्यांनी निकालाची सही-शिक्क्याची नक्कल आजच काढून ठेवावी. कोर्टातले जुने कागद ठरावीक मुदतीनंतर नष्ट केले जातात.