वाळूगटाविरुद्ध उभं राहण्याआधी

चि. सौ. मनीषा हिस,


तुझा फोन आला तेव्हा मागं एवढा गलका होता की निम्मंच ऐकू आलं. गावाच्या अंगाला भीमेच्या पात्रात वाळू-गोट्याचा गट पाडायचं चाललंय, मोजणीची माणसं येऊन गेली, आणि पोरं सोमवारी रास्ता रोको करायचं म्हणतायत, एवढं कळलं. सरपंच म्हणून तू पुढं असावंस ही सगळ्यांची इच्छा. फोनवर सांगून भागणारं हे काम नाही, म्हणून लिहितो. जन्म तलाठ्याच्या नोकरीत गेलेल्या माणसाला कागदावरच नीट बोलता येतं.

रास्ता रोको करू नका, असं मी म्हणत नाही. पण तो आधी नको. रास्ता रोकोची बातमी दुसऱ्या दिवशी छापून येते आणि तिसऱ्या दिवशी त्याच पेपरात दुकानदार शेंगदाणे बांधून देतो. फाईलला त्यातलं काही लागत नाही. आज गट प्रस्तावित करणारा साहेब उद्या बदलून जाईल, त्याच्या जागी येणारा फक्त फाईल वाचेल. तेव्हा गावाचं म्हणणं त्या फाईलला लागलं पाहिजे, तारखेनिशी आणि आवक शिक्क्यानिशी. बाकी सगळं त्याच्या मागून.

आता म्हणणं काय लिहायचं? 'नदीचं वाटोळं होईल' हे वाक्य खरं असलं तरी हरकत म्हणून बिनकामाचं आहे. त्याला उत्तर तयारच असतं : सर्व नियम पाळून उपसा करण्यात येईल. मग तुमच्या विहिरींवर या.

आपल्या काठाला वर गाळ, त्याखाली वाळू-गोट्याचा थर आणि त्याच्या खाली काळा पाषाण. पाषाण पाणी फारसं धरत नाही. धरतो तो मधला थर. वाळूत साधारण एक-तृतीयांश जागा पोकळ असते. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, म्हणजे 2.83 घनमीटर, तेवढ्या भिजल्या वाळूत नऊशेहून अधिक लिटर पाणी सामावलेलं असतं. डंपर भरून जातो तेव्हा वाळूबरोबर पाणी साठवायची जागाही जाते, आणि ती पुन्हा भरत नाही. शिवाय पात्राचा तळ खाली गेला की काठच्या विहिरींचं पाणी नदीकडं ओढलं जातं. मोठा खड्डा जागच्या जागी राहतही नाही. पुराच्या पाण्यानं त्याची वरची कड ढासळत जाते आणि खड्डा उगमाच्या दिशेनं सरकतो, वाटेत बंधारा असो की पुलाचा पाया.

'पावसाळ्यात वाळू परत येतेच की' असं कुणीतरी म्हणेलच. त्याला विचार, कुठून येते? आपल्या वर 1980 पासून उजनी उभी आहे. वरची वाळू तिथंच बसते. नरसिंहपूरला नीरा मिळते, पण तिच्या खोऱ्यात भाटघर आहे, वीर आहे. मग दरसाल किती वाळू नव्यानं येते, हे मोजलं कुणी? हा प्रश्न हवेतला नाही. 2025 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं श्रीनगरजवळच्या एका नाल्यातल्या वाळूच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलंय की वाळू किती भरून येते याचा अभ्यास नसलेला जिल्हा सर्वेक्षण अहवाल ग्राह्य नाही. तुझ्या ठरावातली पहिली मागणी हीच ठेव : आमच्या पट्ट्याचा भरणीचा अभ्यास दाखवा. असेल तर दाखवतील. नसेल तर फाईल तिथंच अडखळेल.

विहिरींची वही आजपासून लाव. गावच्या पाणीपुरवठ्याची विहीर आणि काठच्या चार-पाच खाजगी, एवढ्या पुरेत. प्रत्येकीच्या काठावर रंगाची एक खूण करा आणि माप कायम तिथूनच घ्या. दोरीला वजन बांधून सोडा आणि ओल लागली तिथपर्यंतची दोरी टेपनं मोजा, मीटरमध्ये. मोटार चालू असताना घेतलेलं माप फेकून द्या. ज्या आठवड्यात शेतीची लाईट दिवसा असते त्या आठवड्यात पहाटे मोजा, रात्रपाळीच्या आठवड्यात संध्याकाळी, मोटारी सुरू व्हायच्या आधी. आणि एक गोष्ट विसरू नकोस, नाहीतर पुढं तोंडघशी पडाल. उजनीतून नदीत पाणी सुटलं की तुमच्या विहिरी आपोआप वर येतात. सुटल्याची आणि बंद झाल्याची तारीख वहीत हवीच. समोरचा वकील नेमकं तेच दिवस काढून म्हणेल, पाणी तर वाढलंय. भूजल सर्वेक्षणवालेही वर्षातून चारदा ठरलेल्या विहिरी मोजतात, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये. जवळची निरीक्षण विहीर कुठली आणि गेल्या काही वर्षांची तिची मापं काय, हे माहितीच्या अधिकारात माग. अर्जाला दहा रुपये लागतात.

आता कायद्याचं. धोरणं कपड्यासारखी बदलतात : 2023 ला सरकारी डेपो आले आणि 600 रुपये ब्रासचा भाव लागला, 2025 ला पुन्हा लिलाव. त्यात गुंतू नकोस. पर्यावरणाची परवानगी मात्र कुठल्याही धोरणात चुकत नाही. 2012 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानं दीपक कुमार प्रकरणात 5 हेक्टरच्या आतल्या गटालाही ती सक्तीची केली, कारण मोठ्या पट्ट्याचे तुकडे पाडून परवानगी टाळायची युक्ती तोवर सगळ्यांच्या अंगवळणी पडली होती. म्हणून आधी नकाशा मिळव आणि चारी कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश बघ. वरच्या-खालच्या गावाला लागून, 500 मीटरच्या आत आणखी गट पाडलेत का ते बघ. सगळे मिळून 5 हेक्टरच्या वर जात असतील तर तो समूह धरला जातो आणि जनसुनावणी घ्यावी लागते. शेजारच्या सरपंचाला फोन करायला लाजू नकोस. मागच्या निवडणुकीचं तुमचं काय असेल ते असो.

सुनावणी प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं. 30 दिवस आधी पेपरात नोटीस द्यावी लागते आणि पर्यावरणावरच्या परिणामांच्या अहवालाचा गोषवारा मराठीत उपलब्ध ठेवावा लागतो. तिला कोरम नसतो. दहा माणसं आली तरी ती झाली असंच धरतात. त्यामुळं 'आम्ही बहिष्कार टाकला' ही बढाई अजिबात नको. जा, बोला, आणि बोललेलं लेखीसुद्धा द्या. शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवणं बंधनकारक आहे. ते होईपर्यंत कुणी उठायचं नाही. चहाची गडबड नेमकी त्याच वेळी सुरू होते, हे मी अनेकदा पाहिलंय. ग्रामसभेला मात्र कोरम लागतो, मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जे कमी असेल तेवढा. सह्या नीट घे. अंगठा असेल तर शेजारी नाव.

नियमातल्या काही गोष्टी बायकांनाही तोंडपाठ असू देत, कारण दिवसा नदीवर त्याच असतात : खोली 3 मीटरच्या वर नाही आणि पाणी लागलं तर तिथंच थांबायचं; काठापासून पात्राच्या रुंदीच्या चौथाईइतकं अंतर, आणि निदान 7.5 मीटर; सक्शन पंप नाही; रात्री उपसा नाही. खड्डे असेच सोडले तर काय होतं, ते पंढरपूरला चंद्रभागेच्या वाळवंटात बुडालेल्या भाविकांच्या बातम्यांतून सगळ्यांना माहीत आहे.

आता जे तुला आवडणार नाही ते. गावातले ट्रॅक्टर रात्री नदीत उतरतात. त्यात तुझ्या दिराचाही आहे. मला कसं कळलं हे विचारू नकोस. जमीन महसूल संहितेच्या कलम 48 खाली विनापरवाना उपशाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे, वाहनही जप्त होतं. तू हरकत घेतलीस की आठ दिवसांत पथक येईल आणि पहिला ट्रॅक्टर सरपंचाच्या घरचा धरेल. मग वही, ठराव, सगळं मातीत. तेव्हा हरकत देण्याआधी तो ट्रॅक्टर नदीतून बाहेर निघाला पाहिजे. जावईबापूंना बोलायला लाव, ते कचरत असतील तर सासूबाईंना. बाकीच्या पोरांशी भांडू नकोस. हप्ते फेडायचेत त्यांना. उसाच्या वाहतुकीची, ग्रामपंचायतीच्या मुरूम टाकायच्या कामाची काही सोय लागते का बघ. नाही लागली तर त्यातलेच दोघं-तिघं ठेकेदाराच्या बाजूनं ग्रामसभेत हात वर करतील, आणि त्यांचा राग धरून उपयोग नाही.

वाळूच नको, असंही कुठं बोलू नकोस. गावात घरकुलं मंजूर आहेत, त्यांना वाळू लागणारच. घरकुलाला 5 ब्रासपर्यंत ती मोफत द्यायची तरतूद आहे. तुमचं म्हणणं एवढंच असू दे की ही जागा, हे मोजमाप, ही खोली आम्हाला मान्य नाही, आणि का नाही ते या वहीत आहे.

इतकं करूनही परवानगी निघाली, तर निघाल्यापासून 30 दिवसांत पुण्याला हरित न्यायाधिकरणात अपील करता येतं. उशीर समजावून सांगता आला तर वर आणखी 60 दिवस मिळतात, पण त्या भरवशावर राहू नका. परवानगीची प्रत हाती यायची वाट बघण्यात महिना जातो, म्हणून पर्यावरण परवानग्यांचं संकेतस्थळ रोज बघायचं काम कॉलेजात जाणाऱ्या एखाद्या मुलीकडं दे.

सोमवारचं पोरांना पुढं ढकलायला सांग. त्याऐवजी त्या दिवशी विहिरींवर खुणा करून घ्या. ठरावाचा मसुदा माझ्याकडं पाठव, आणि वहीच्या पहिल्या पानाचा फोटोही व्हॉट्सॲपवर टाक. आकड्यात खाडाखोड असेल तर ते पान नव्यानं लिहायला लावीन, आत्ताच सांगतो.

तुझा,
मामा