चिन्ह कुठे लिहायचे?

३ + ४ × ५ चे उत्तर २३, हे शाळेत गेलेल्या कुणालाही ठाऊक असते. ‘कंचेभागुबेव’ पाठ असते ना! पण गुणाकार बेरजेच्या आधीच का, हे वर्गात सहसा कुणी विचारत नाही. गणितात त्याची सिद्धता नाही. तो निव्वळ लिहिण्याचा संकेत आहे. मुलांना हे उघडपणे सांगितले पाहिजे, असे मला फार वाटते.

चिन्ह दोन संख्यांच्या मध्ये लिहिले की मधल्या ४ वर अधिकही हक्क सांगते आणि गुणिलेही. हा तंटा मिटवायला कंस लागतात, नाहीतर अग्रक्रम. पोलंडचे तर्कशास्त्रज्ञ यान वुकाशेविच यांनी १९२४ मध्ये तर्कविधाने लिहिताना चिन्ह सगळ्यांच्या आधी नेले आणि कंसांची गरजच उरली नाही. चिन्ह शेवटी लिहिले तरी तेच साधते. यंत्रांना ही दुसरी रीत मानवली. १९७२ साली आलेल्या एचपी-३५ या खिशातल्या गणकयंत्रावर बरोबरची कळच नव्हती. ३ ४ ५ × + असे दिले, की संख्या एकावर एक रचल्या जातात. × येताच वरच्या ४ आणि ५ उचलून तिथे २० ठेवले जातात, मग + येते आणि ३ नि २० चे २३ होतात. ३५ हवे असतील तर ३ ४ + ५ ×.

ही कल्पना आपल्याकडे अगदीच परकी नाही. १८८१ साली पेशावरजवळ सापडलेल्या बख्शाली हस्तलिखितात बेरजेचा ‘यु’ संख्यांच्या नंतर येतो. आज आपण अधिक म्हणतो ती फुली तिथे ऋण संख्येपुढे लावलेली असते!

तरीही मधले चिन्ह टाकून द्यावे असे मी म्हणणार नाही. (अ + ब) + क = अ + (ब + क) असे लिहिल्यावर कंस सरकलेला डोळ्यांना दिसतो आणि तो गाळला तरी चालेल हे लगेच उमगते. अ ब + क + आणि अ ब क + + यांतून तोच नियम ओळखायला सराव लागतो. बीजगणित करणाऱ्या माणसाला मधलेच चिन्ह सोयीचे.

वजाबाकीत मात्र तेच चिन्ह फसवते. १० − ४ − ३ चे ३ की ९? डावीकडून करायचे म्हणून ३. घातांकांची उतरंड उलट वरून सोडवायची: २ वर ३ आणि त्यावर २ असेल तर ५१२, खालून गेलात तर ६४. सहावी-सातवीच्या वर्गात अर्धा तास काढून १० ४ − ३ − आणि १० ४ ३ − − या दोन ओळी मुलांकडून फळ्यावर सोडवून घ्याव्यात, आणि ‘कंचेभागुबेव’ त्यानंतर शिकवावे.