दुसऱ्याचे गाऱ्हाणे

रोमला जायचे ठरले तेव्हा ओळखीच्या मंडळींनी काय काय आणावे याच्या याद्या दिल्या. शेजारच्या मावशींनी मात्र आणायला काही सांगितले नाही, न्यायला सांगितले. मावशी वसईच्या, ख्रिस्ती. पंचवीस वर्षांचा आमचा शेजार. त्यांचा धाकटा मुलगा अपघातानंतर सहा वर्षे अंथरुणाला खिळून आहे. "पोपच्या बागेत लूर्दमाईची गुंफा आहे," त्या म्हणाल्या, "तिथे माझ्या मुलाचे नाव घ्या. जास्त काही नको."

मी 'बरे' म्हणालो खरा; पण घरी येऊन बसलो तो अस्वस्थ होऊन. मी देव न मानणारा माणूस. जिथे माझी श्रद्धा नाही तिथे उभे राहून दुसऱ्यासाठी नाव घ्यायचे, म्हणजे ढोंगच नव्हे काय?

हा प्रश्न मला नवा नव्हता. आई शेवटच्या दुखण्यात होती तेव्हा तिने मला जवळ बोलावले. माझ्या लहानपणी मला विषमज्वर झाला असताना तिने कोकणातल्या गावदेवीला नवस बोलला होता. संसाराच्या रगाड्यात तो फेडायचा राहून गेला होता. "सुनेला घेऊन जा आणि माझ्या नावाने ओटी भरून ये," ती म्हणाली. मी म्हणालो, "आई, जे मी मानत नाही ते मी करणार नाही. तुझ्याशी खोटे वागणे मला जमणार नाही." आईने मान हलवली आणि कुशीवर वळली. पुन्हा तिने तो विषय काढला नाही. पुढे कितीतरी वर्षे मी ही हकीकत मित्रांना सांगत असे, आणि सांगताना मला स्वतःचे थोडे कौतुकही वाटत असे.

व्हॅटिकनचे सारे राज्य जेमतेम ४४ हेक्टरांचे. त्यातली जवळजवळ निम्मी जागा बागेने व्यापली आहे. तेराव्या शतकात तिसऱ्या निकोलस पोपने इथे फळझाडे लावून घेतली, तेव्हापासून हे उद्यान वाढत आले. आमच्या दहा-बारा जणांच्या घोळक्याला घेऊन मार्गदर्शक बाई चढण चढू लागल्या. कातरलेल्या हिरव्या कुंपणांच्या नक्ष्या, कारंजी, छत्रीसारखे पसरलेले पाईन वृक्ष, आणि मागे वळून पाहावे तर संत पीटरच्या मंदिराचा तो अवाढव्य घुमट. टेकडीच्या वरच्या अंगाला, जुन्या तटाजवळ, ती गुंफा आली. ओबडधोबड खडक, त्यात एक कोनाडा, आणि कोनाड्यात पांढऱ्या वस्त्रातली, निळ्या कमरपट्ट्याची मरियामाता.

हा खडक माणसांनी रचलेला आहे. मूळची गुंफा फ्रान्समध्ये, पिरनीज पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या लूर्द गावात. ११ फेब्रुवारी १८५८ रोजी बर्नादेत नावाची चौदा वर्षांची मुलगी तिथे सरपण वेचायला गेली. घरात इतके दारिद्र्य की सारे कुटुंब एका जुन्या, टाकून दिलेल्या तुरुंगाच्या खोलीत राहत होते. त्या गुंफेत तिला एक तेजस्वी स्त्री दिसली. पुढे जुलैपर्यंत एकंदर अठरा वेळा दिसली. पोलिसांनी दरडावले, धर्मगुरूंनी उलटतपासणी घेतली. पोरीने आपले म्हणणे सोडले नाही. १८६४ साली फाबीश या शिल्पकाराने घडवलेली संगमरवरी मूर्ती त्या कोनाड्यात बसवली, तेव्हाही तिने सरळ सांगून टाकले, की मी पाहिली ती अशी नव्हती!

मला गंमत वाटली. म्हणजे माझ्यासमोर होती ती एका प्रतिकृतीची प्रतिकृती, आणि मूळ रूप पाहणाऱ्या एकमेव साक्षीदाराने तर साम्यच नाकारलेले. मग मावशींनी मला पाठवले ते कशापुढे?

मार्गदर्शक बाईंच्या बोलण्यातून उत्तराचा धागा मिळाला. ही गुंफा १९०२ ते १९०५ या काळात उभी राहिली. फ्रेंच कॅथलिकांनी ती तेराव्या लिओ पोपला भेट म्हणून दिली. १८७० साली इटलीच्या सैन्याने रोम घेतले, तेव्हापासून निषेध म्हणून पोप व्हॅटिकनबाहेर पाऊल टाकत नसत. हा हट्ट १९२९ च्या करारापर्यंत टिकला. लिओ १८७८ मध्ये पोप झाला आणि १९०३ मध्ये, त्र्याण्णवाव्या वर्षी वारला. मधली पंचवीस वर्षे तो या भिंतींच्या आतच होता. सगळ्या जगाच्या कॅथलिकांनी लूर्दला जावे, आणि त्यांच्या धर्मगुरूला मात्र जाता येऊ नये! म्हणून लोकांनी लूर्दच त्याच्या बागेत आणून ठेवले. गुंफा पुरी झालेली पाहणे मात्र त्याच्या नशिबी नव्हते.

ज्याला जाता येत नाही त्याच्यासाठी दुसऱ्याने काहीतरी करायचे, हा या दगडांचा अर्थ. मुलाला सोडून मावशींना घराबाहेर पडता येत नाही. आईलाही पडता येत नव्हते.

कोकणात देवळात गाऱ्हाणे घालतात. घालणारा एक, आणि दुःख गावातल्या दुसऱ्या कुणाचे. तो स्वतःसाठी काही मागत नाही. ज्याचे गाऱ्हाणे त्याचे नाव घेतो आणि बाजूला होतो. वाचक म्हणतील, त्या माणसाचा देवावर विश्वास तरी असतो, तुमचे काय? आक्षेप खरा आहे. ऐकणारा कुणी आहे असे मला आजही वाटत नाही. पण सांगणारी आहे, याविषयी तर मला शंका नव्हती ना? मी तिथे 'माझी श्रद्धा आहे' असे म्हणणार नव्हतो; 'हिची आहे' एवढेच म्हणणार होतो, आणि ते शब्दशः सत्य होते. आईच्या वेळीही तेच सत्य होते. तिने माझी श्रद्धा मागितलीच नव्हती, तिने माझे पाय मागितले होते. मी मात्र त्या दोन गोष्टींची गल्लत केली आणि तिला प्रामाणिकपणा असे नाव दिले. त्या प्रामाणिकपणाची किंमत मी दिली नाही; तिने दिली.

घोळका पुढे निघाला. मी मागे राहिलो, मुलाचे नाव घेतले, मावशींचे घेतले. हात जोडले की नाही हे आता आठवत नाही.

परत आल्यावर मावशींना सांगितले. त्यांनी चमत्काराचे काही विचारले नाही. "ऊन होते का हो?" एवढेच विचारले, आणि मी चढण चढून गेलो हे ऐकून चहा टाकला. मुलगा आहे तसाच आहे.

गावदेवीची ओटी अजून राहिलीच आहे. आता जावे काय? जिच्यासाठी जायचे ती नाही. आज गेलो तर ते माझ्याच मनाच्या समाधानासाठी होईल, आणि त्याला गाऱ्हाणे म्हणता येणार नाही. बायको म्हणते, एवढा विचार करण्यापेक्षा या दिवाळीनंतर जाऊन येऊ. मी अद्याप होकार दिलेला नाही. पण या खेपेला नकारही दिलेला नाही.