अचल बिंदू

देहूरोड हे छावणीचे गाव. लष्करी कोठारे, लोहमार्ग आणि बदलीचे हुकूम ह्यांभोवती तेथील जीवन आकाराला आले. बदलीच्या नोकरीत कुटुंबाची शाळा, शेजार, प्रार्थनेची भाषा आणि धर्मग्राम दर काही वर्षांनी पालटतो. मग एक जुना प्रश्न पुढे येतो: सारे काही बदलत असताना माणूस 'तोच' राहिला, असे कशाच्या आधारे म्हणावे? तत्त्वज्ञांनी ह्यावर पुष्कळ लिहिले आहे. गणितातही ह्याला समांतर असा एक विचार आहे.

पुणे जिल्ह्याचा नकाशा देहूरोडमधील एखाद्या घरात जमिनीवर पसरावा. तो तिरपा ठेवला किंवा उलट दिशेला फिरवला, तरी त्यावरील एक बिंदू, आणि एकच, जी जागा दाखवतो नेमका त्याच जागेवर टेकलेला असतो. पोलिश गणितज्ञ स्टेफान बानाख ह्यांच्या १९२२ च्या प्रमेयातून हे निघते. नकाशा चुरगाळून तिथेच टाकला तरी असा निदान एक बिंदू उरतोच. ही हमी डच गणितज्ञ ब्राउअर ह्यांनी त्याआधीच, १९११-१२ च्या सुमारास दिली होती.

हमीला अटी मात्र आहेत. नकाशा फाडून तुकडे विखुरले, की ती संपते. क्षेत्राच्या मध्यभागी पोकळीही नसावी. भरीव थाळी फिरवली तर तिचा मध्य जागचा हलत नाही. बांगडी फिरवली तर तिचा कण न् कण हलतो, कारण जिथे स्थिर राहायचे तिथे काही नाहीच.

आल्फ्रेड तार्स्की ह्यांनी १९५५ मध्ये दुसरी वाट दाखवली. तिच्यात अंतराचा विचार नाही, क्रमाचा आहे. हा क्रम अंशतः असला तरी चालतो, म्हणजे कोणत्याही दोन गोष्टींत श्रेष्ठ कोणती हे ठरलेच पाहिजे असे नाही. वृद्ध आईची शुश्रूषा आणि कामावरील कर्तव्य ह्यांत उच्च-नीच सांगता येत नाही. पण दोन्ही ज्या प्रीतीच्या छत्राखाली येतात ती त्यांच्याहून वरची असते. तार्स्कींची पहिली अट अशी, की घटकांचा कोणताही समूह घेतला तरी त्याच्या लगेच वर आणि लगेच खाली असा एकेक घटक सापडावा. दुसरी अट अशी, की जे वर आहे ते बदलानंतरही वर किंवा बरोबरीलाच राहावे. एवढे पाळले, तर एक तरी घटक अचल राहतोच. बदल सावकाश व्हावा असा इथे आग्रह नाही. मोठी उडीही चालते.

मला ह्यात नैतिक विचाराला उपयोगी असे काही दिसते. द्वितीय व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) लॅटिन मिस्सा लोकभाषेत आली. ज्यांचे बालपण लॅटिनमध्ये गेले त्यांना तो बदल केवढा वाटला असेल! परंतु वेदीवरील अर्पण श्रेष्ठ आणि भाषा त्याची सेविका, हा क्रम राखला गेला. प्रभू येशूने शब्बाथाच्या दिवशी रोग्यांना बरे केले तेव्हा रूढी मोडली. दयेचे स्थान मात्र वरचेच राहिले. उलट, एकही रिवाज न सोडणारे घर जमिनीच्या वादात भावाशी बोलणे टाकते, तेव्हा बाहेरून काहीच बदललेले नसते. क्रम मात्र उलटलेला असतो.

म्हणून 'मी किती बदललो?' हा प्रश्न अपुरा आहे. 'बदलताना मी कशाला कशाच्या खाली ठेवले?' हा खरा प्रश्न होय.

ह्या प्रमेयांनी परमेश्वर सिद्ध होतो, असे कोणी समजू नये. माणसाचे मन म्हणजे नकाशा नव्हे, आणि उपमा ही काही सिद्धता नव्हे. ब्राउअर ह्यांचे उदाहरण इथे बोलके आहे. कोणतीही वस्तू कशी शोधायची हे न सांगता केवळ 'ती आहे' म्हणणारी सिद्धता त्यांना पुढे मान्य होईना. त्यांचे स्वतःचे प्रमेयही त्याच जातीचे होते: अचल बिंदू आहे एवढे ते सांगते, कुठे आहे हे सांगत नाही.

श्रद्धावंतालाही ही अडचण ओळखीची असावी. 'तो आहे' असे म्हणणे सोपे. तो आपल्या आयुष्यात नेमका कुठे आहे, हे रात्रीच्या आत्मपरीक्षणात ज्याचे त्यानेच शोधायचे असते. बदलीच्या गावी सामान बांधताना काय न्यायचे, काय मागे ठेवायचे, ह्याची यादी आपण करतोच. त्याच वेळी कशाला वरचे स्थान द्यायचे, हेही ठरवावे.